माणग्याच्या बांबूचे आणि काथ्याचे हँगर: खाऱ्या हवेत टिकतील असे करायचेत, मदत हवी

खाडीकाठ
४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इथे वाचतेय बरीच वर्षं, लिहितेय पहिल्यांदाच. गुहागर तालुक्यात खाडीला लागून आमचं घर आहे, त्यातल्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दिवाळीआधी कपाटं साफ करायला घेतली तर निम्मे हँगर टाकायच्या लायकीचे निघाले. प्लास्टिकचे होते ते मानेत तुटलेले आणि तारेचे होते त्यांना गंज. मे महिन्यात एका पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टाला कॉलरच्या मागे गंजाचा डाग पडला होता, शर्ट नवाकोरा, ते बिचारे काही बोलले नाहीत पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तुटलेले २७ हँगर गोणीत भरून भंगारवाल्याकडे नेले. तारेचे त्याने वजनावर घेतले, प्लास्टिकचे परत हातात दिले. म्हणाला, ताई हे पुढे कोण घेत नाय. आता घरी आणून करायचं काय, परसात पुरायचे नाहीतर जाळायचे, आणि ही दोन्ही कामं माझ्या हातून व्हायची नाहीत. गोणी अजून पडवीत आहे.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे की हे आपणच का करू नयेत. घरामागे माणग्याची दोन बेटं आहेत, नारळ आहेत म्हणजे सोडणं (नारळाची वरची साल) आणि करवंट्या हव्या तेवढ्या, माळ्यावर आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या पडल्यात. वाडीतल्या बचत गटातल्या तिघीजणी तयार आहेत. आधी स्वतःपुरते साठेक करायचे, जमलं तर शेजारच्या लॉजवाल्यांना विचारायचं.

माझ्या अटी अशा की गंज नको, पावसाळ्यात बुरशी नको, कोणी ओला टॉवेल टाकला तरी वाकता कामा नये, आणि म्हातारा झाला की तो इथल्या इथे संपला पाहिजे, म्हणजे चुलीत, खतात किंवा आमच्याच भंगारवाल्याकडे. पुण्या-मुंबईला पाठवून रिसायकल होईल असलं काही नको, कारण पाठवणार कोण?

सप्टेंबरात पुठ्ठ्याचा करून बघितला होता. चार थर खळीने चिकटवले, वाळल्यावर लाकडासारखा टणक झाला, मी खूश. रात्री त्यावर कुर्ता लावला आणि सकाळी बघते तर दोन्ही खांदे खाली आलेले. हवेतल्या दमटपणानेच, पाण्याचा थेंब लागला नव्हता. म्हणून पुठ्ठा सोडून बाकीचं सांगा.


मोल्डवाला
४ नोव्हेंबर

ताई, मी मूळचा चिपळूणचा, आता चाकणला साच्यांचं काम करतो, त्यामुळे प्लास्टिकचं थोडं सांगू शकतो. भंगारवाला का घेत नाही ते बघा. दुकानात मिळणारे कडक, चकचकीत हँगर बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात, उलटवून बघा, त्रिकोणात ६ हा अंक असेल. वाकवला की कट्कन तुटतो तो हाच. वाकून पांढरा पडतो पण लगेच तुटत नाही तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्यावर ५. दोन्ही वितळवून परत वापरता येतात, मालात काही वाईट नाही. पण वरचा अडकवायचा आकडा लोखंडाचा, तो आतमध्ये रुतवलेला, वर कधी रबराची पट्टी चिकटवलेली, म्हणजे एक हँगर मोकळा करायला माणसाची दोन मिनिटं आणि हातात येणार ३०-४० ग्रॅम माल. परवडतच नाही. त्यात काळ्या रंगाचा असला तर अजून त्रास, कारण मोठ्या केंद्रांत प्लास्टिक वेगळं करणारी यंत्रं इन्फ्रारेडवर चालतात आणि काजळीचा काळा रंग तो प्रकाश शोषून घेतो, यंत्राला कळतच नाही समोर काय आलंय.

१ जुलै २०२२ पासून देशभर जे एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद झालं त्या यादीत कानकाड्या, ताटल्या, पेले, सजावटीचा थर्मोकोल वगैरे आहेत, हँगर नाही. त्यामुळे दुकानदार कपड्यासोबत देत राहणार.

अजून एक, बाजारात मक्यापासून बनवलेले 'विघटनशील' हँगर मिळतात, ते पीएलएचे असतात. त्याला कुजायला साधारण ५८-६० अंश तापमान सलग धरून ठेवणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. तुमच्या परसातल्या खड्ड्यात तो वर्षानुवर्षं तसाच राहील आणि खाडीत गेला तर तिथेही. तुमची अट बघता तो बाद.

माझ्या धंद्यातला एकच नियम सांगतो. शक्यतो एकाच मालाची वस्तू करा आणि दोन माल घ्यावेच लागले तर ते हाताने किंवा पकडीने सुटले पाहिजेत. चिकटवलं की संपलं.


जुना_वाचक
५ नोव्हेंबर

विषय चांगला आहे, पण जे प्लास्टिकचे हँगर अजून धड आहेत ते कृपा करून काढून टाकू नका. माझ्याकडे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे आहेत, रोज वापरतो. ते टाकून बांबूचे आणणं म्हणजे कचराच वाढवणं. मानेत तुटलेल्यांनाही काडी लावून सुतळीने आवळून बांधा, अजून काढतील.


खाडीकाठ
५ नोव्हेंबर

काका पटलं. धड असलेले ठेवणारच आहे, ते मागच्या खोलीत आमच्या वापराला. गोणीतले बघते किती बांधून चालतात. @मोल्डवाला, तुमचा तो नियम भिंतीवर लिहून ठेवलाय, खरंच.


श्रीवर्धनी
५ नोव्हेंबर

आमच्याकडे पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीचे रुंद देठ, ढिगाने. आता लोक त्या भिजवून गरम साच्यात दाबून ताटल्या-वाट्या करतात, गोंद लागत नाही काही लागत नाही. त्याचा हँगर होईल का हे मीही मागे बघितलं होतं. एक विरी पातळ पडते, उभ्या धाग्यात मजबूत पण आडवी लगेच फाटते. दोन विऱ्या धागा उलटसुलट ठेवून चिकटवल्या तर जमतं, पण मग चिकटवायचं कशाने. चिंचोक्याच्या खळीने केलं तर पावसाळ्यात किडे लागले. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालायचे कीड लागू नये म्हणून, पण ते विषारी आणि निळा डाग देणारं, कपड्याजवळ कसं चालेल. आणि जुलैत विरीला काळे ठिपके आलेच. लहान मुलांच्या झबल्यांसाठी, दुकानात आठ-दहा दिवस टांगायला ठीक. घरात वर्षभर ठेवायला नाही, असं माझं मत.


माणगा
६ नोव्हेंबर

ताई, घरामागे माणगा आहे म्हणताय तर इकडेतिकडे कशाला बघताय. मी कुडाळ भागातला, बांबूचंच काम करतो.

माणगा आतून जवळजवळ भरीव असतो, काटे नाहीत, सरळ वाढतो, म्हणून छत्रीच्या दांड्यापासून फर्निचरपर्यंत चालतो. कळक घेतलात तर आतून पोकळ, त्याच्या कामट्या काढून करावं लागेल आणि काट्यांनी हात फाटतील. आमच्या कुडाळातच कोनबॅक ही संस्था माणग्यावर काम करते, त्यांचं काम बघण्यासारखं आहे, कधी आलात तर जा. तोडायला परवानगीचं विचाराल तर २०१७ साली कायदा बदलला, खाजगी जमिनीतला बांबू आता 'झाड' धरत नाहीत, स्वतःच्या बेटातला खुशाल तोडा.

पण बांबूचा खरा शत्रू भुंगो. हँगर केलात आणि चार महिन्यांनी कपाटात पिठासारखी पूड पडलेली दिसली की समजायचं लागला. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतत, अवसेच्या काळोखात तोडलेल्या बांबवाक भुंगो लागणा नाय. चंद्राचं मला माहीत नाही पण भुंग्याला हवी असते बांबूतली साखर आणि पिष्ठ. म्हणून तीन वर्षांच्या वरचाच बांबू घ्या, कोवळा नको, पाऊस सरल्यावर थंडीत तोडा, आणि तोडून वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवा. पिष्ठ पाण्यात निघून जातं, पाण्याला घाण वास येतो तो त्याचाच. तुमच्याकडे वहाळ असेल तर उत्तम.

त्यावर खात्री हवी असेल तर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स १ ला १.५ अशा वजनाने घेऊन पाण्यात साधारण ५ टक्क्यांचं द्रावण करा आणि कापलेले तुकडे आठवडाभर त्यात बुडवून सावलीत वाळवा. हे पाण्याने परत धुऊन निघतं म्हणून बाहेरच्या कामाला फुकट, पण कपाटातल्या हँगरला चालेल. पोरांच्या हाताला ते द्रावण लागू देऊ नका आणि उरलेलं विहिरीजवळ ओतू नका.


टाका_धागा
६ नोव्हेंबर

अलिबागला माझं ब्लाऊज-ड्रेसचं दुकान आहे, अठरा वर्षं शिवतेय, त्यामुळे कपड्याच्या बाजूने बोलते, कारण हँगर करणारे लाकडाचा विचार करतात, कपड्याचा कोणी करत नाही.

पहिलं म्हणजे रुंदी. मोठ्यांना ४० ते ४२ सेंटिमीटर बस, पंचेचाळीस केलात तर बायकांच्या कुर्त्यांच्या बाह्यांत टोक घुसतं आणि बाहीवर कायमचा उंचवटा येतो, इस्त्रीने जात नाही. मुलांना २८-३०. दुसरं टोकं गोल हवीत, अगदी अंगठ्यासारखी. तिसरं बंद गळ्याचा टीशर्ट खालून न घालता गळ्यातून घालायचा लोकांना मोह होतो, तर उतार पुरेसा हवा, सपाट काठी असेल तर गळा ताणून ढिला होतो. चौथं, पट्ट्यांच्या कपड्यांना खाच लागते पण खाच कापली तर तिथे कुसळ निघतं, त्यापेक्षा खांद्यावर कापड गुंडाळा, पट्टी घसरत नाही.

काथ्या मात्र खांद्यावर गुंडाळू नका!! दिसायला सुंदर दिसतो पण रेशमी साडी, शिफॉन, जॉर्जेट, सगळ्याचे धागे ओढतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पैठणी ब्लाऊजचं वाटोळं बघितलंय मी. कापडच वापरा, शिवणवाल्यांकडे कातरण पोत्याने पडलेलं असतं, सुती वेगळं काढून घ्या म्हणजे हँगरबरोबर खतातही जाईल. रंग जाणारं नको, आधी मिठाच्या पाण्यात धुऊन पांढऱ्या कपड्यावर घासून बघा.


भटका_जीव
७ नोव्हेंबर

बांबू नसेल त्यांनी तिवराच्या वाकड्या फांद्या वापरल्या तर? खाडीत भरपूर असतात, नैसर्गिक आकारही मिळतो.


खाडीकाठ
७ नोव्हेंबर

नको हो. तिवर म्हणजे कांदळवन, ते तोडायला बंदी आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २००५ पासूनचा आहे आणि २०१८ ला अंतिम निकालही लागला. आणि ते नसतं तरी नको, आमच्या दारातली खाडी तिवरांनी धरून ठेवलीय, कालवं-खेकडे तिथेच वाढतात. वाकडी फांदी हवी असेल तर करवंदीची, काजूची छाटणीतली बघा, दर वर्षी जाळतातच लोक.


भटका_जीव
७ नोव्हेंबर

माहीत नव्हतं, माफ करा. काजूच्या छाटणीचं बघतो.


खाडीकाठ
१५ डिसेंबर

उशीर झाला लिहायला, पर्यटकांची गर्दी आणि त्यात हे प्रयोग.

माणगादादांनी सांगितल्याप्रमाणे दहा बांबू तोडले, वहाळात दगडाखाली चोवीस दिवस ठेवले. वास खरोखर इतका आला की शेजारच्या काकू विचारायला आल्या काय मेलंय का. बाहेर काढल्यावर एक ओला तुकडा निखाऱ्यावर ओल्या फडक्यात धरून वाकवला आणि फळीवर खिळे ठोकून केलेल्या साच्यात रात्रभर अडकवला. सकाळी आकार धरलेला! धनुष्यासारखा बाक आलाय, मला इतका आनंद झाला की फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

मग मध्यभागी ड्रिलने भोक पाडलं, तार घातली, खाली पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगला. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाटा लागत नाही, थोडं थोडं पाणी ओतत जायचं. तिसऱ्या लिटरला चर्र आवाज आला आणि भोकापासून दोन्हीकडे उभी भेग गेली. पाच हँगर असेच गेले. म्हणून मग भोक पेरावर (गाठीवर) घेतलं, तिथे धागे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून चिरत नाही असं वाटलं आणि खरंच चिरलं नाही. पण पेरावर वाकवायला गेले की मोडतो!! म्हणजे भोकाला पेर हवं आणि बाकाला पेर नको. दोन्ही मधोमधच हवं. काय करू?


माणगा
१५ डिसेंबर

एकदम बरोबर ठिकाणी पोचलात. बाक मधोमध देऊच नका. पेर मध्यावर ठेवा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा सरळ सोडा आणि तिथून पुढे दोन्ही खांदे वेगवेगळे वाकवा. साच्यात दोन खिळे वाढवले की झालं. आणि भोक पाडताना बिट बारीक घेऊन सुरू करा, नंतर मोठा. साधारण १४ मिलिमीटर जाडीचा बांबू निवडा, त्याहून जाड असला तर वाकताना आतल्या बाजूला सुरकुती पडते.


खाडीकाठ
१६ डिसेंबर

झालं. पाचही लिटर ओतलं, दोन रात्री ठेवलं, बाक तसाच. दादा तुम्हाला आमच्या घरचे सोलकढी आणि तांदळाचे वडे लागू झाले, याल तेव्हा.

आता आकड्याचं. आकडा एक तर मजबूत हवा, गंजायला नको, सुटा व्हायला हवा. करवंटीचा करून बघितला. करवंटी घासून इंग्रजी एस सारखी कापली, कानसेने, दोन तास लागले. दिसायला दागिना. पण दोन किलोला खटकन गेली, ती टणक आहे पण ठिसूळ. सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या दोरीचा, फास केला तर वजन भरपूर घेतो, पण दांड्यावरून एका हाताने काढता येत नाही, लोळागोळा होतो आणि हँगर गोल फिरत राहतो. खुंटीवर मात्र मस्त बसतो, आणि आमच्या दोन खोल्यांत दांडा नाही, भिंतीला खुंट्याच आहेत, तिथे सुंभच लावणार.


हर्णैची_होडी
१८ डिसेंबर

मी मच्छीमार, वय झालं आता, समुद्रात मुलगे जातात. वाचतोय सगळं. तारेचं सांगतो कारण खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं ते आमच्याइतकं कोणाला माहीत. जस्ताचा मुलामा दिलेली तार घेतली तर मधली तार बरी राहते पण जिथे कापली तिथे जस्त नसतं, तिथून गंज आत शिरतो. आणि हँगरच्या आकड्याचं कापलेलं टोक नेमकं कॉलरपाशी येतं, तोच डाग. स्टेनलेस घ्या. दुकानात ३०४ म्हणून मिळते, ३१६ महाग. ३०४ वरही कधी चहासारखी पिवळट झाक येते समुद्राजवळ, ती फडक्याने पुसली जाते, आत शिरत नाही. घरात असलं तर चालेल.

दुसरं म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल कोणी सुचवलं तर ऐकू नका. होड्यांच्या लाकडाला लावायचे पूर्वी, कीड येत नाही हे खरं. पण ते कातडी जाळतं आणि काळा-तपकिरी डाग देतं. होडीला ठीक, शर्टाला नाही.

तिसरं माझ्या मनातलं. बंदरावर फाटक्या जाळ्यांचे ढीग पडलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळे जाळी दुरुस्त करतात आणि नको ते तुकडे कापून टाकतात. त्याचं काही करा कोणीतरी. ते समुद्रात गेलं की कासवं अडकतात, मी स्वतः सोडवलीयत.


मोल्डवाला
१८ डिसेंबर

काका, जाळ्यांचं होऊ शकतं, पण आधी वेगळी करावी लागतील. ट्रॉलरची ओढायची जाळी बहुतेक एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची असतात, आणि पारदर्शक, ज्यात मासळी कल्ल्यांशी अडकते ती नायलॉनची. नायलॉन ६ परत मूळ रसायनापर्यंत नेऊन नवा धागा करता येतो पण ते मोठ्या कारखान्याचं काम. एचडीपीई मात्र साधारण १३० अंशाला वितळतं, त्याची छोट्या यंत्रावर पट्टी दाबता येते. डेव्ह हाकेन्स यांनी नेदरलँड्समध्ये २०१३ ला प्रेशस प्लास्टिक सुरू केलं, त्यांनी अशा छोट्या यंत्रांचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवलेत, कोणीही बघून बनवू शकतं.

अडचणी तीन. जाळ्यात वाळू आणि मीठ असतं, दोनदा गोड्या पाण्यात धुवावं लागेल आणि ते धुतलेलं पाणी गाळून घ्या, नाहीतर बारीक तुकडे परत खाडीत. एचडीपीई थंड होताना २-३ टक्के आकसतं, त्यामुळे हँगरसारखी लांब वस्तू एका बाजूला वाकडी होते, साच्यात दाबून ठेवूनच थंड करावी लागते. आणि त्यात चुकून पीव्हीसीचा तुकडा गेला तर तापवल्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो, तो फुप्फुसाला घातक, म्हणून घरच्या चुलीवर, तव्यावर हे करू नका, कोणीही. ताईंनी बांबूच करावा, जाळ्यांचं मी इथे चाकणला एका मित्राच्या दाबयंत्रावर करून बघतो. काका, मला धुतलेली पाच किलो एचडीपीई जाळी पाठवाल का?


हर्णैची_होडी
१८ डिसेंबर

पाच काय पन्नास पाठवतो. मुलाला सांगतो.


टाका_धागा
२० डिसेंबर

@खाडीकाठ, वर तेल काय लावणार आहात ते सांगा, त्यावर माझा जीव अडकलाय.


खाडीकाठ
२१ डिसेंबर

ताई तोच घोळ चाललाय. सासूबाई म्हणाल्या कोकमाचं तेल लाव, घरचंच आहे. लावलं, सुरेख तुकतुकीत झालं, पण ते सुकतच नाही, उन्हं तापली की परत मऊ होतं आणि कापडाला लागतं. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख द्यावी असं एकीने सुचवलं, पण लाखेवर ओलं कापड राहिलं की पांढरट डाग येतो. जवसाचं तेल मात्र हवेत सुकून घट्ट होतं, ते पातळ हाताने एकदा लावून दहा दिवस पडवीत ठेवलेत. पांढरा रुमाल घासून बघतेय रोज, सातव्या दिवसापासून डाग नाही.

कोणी करणार असेल तर एक सांगते, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उघडं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका. हे मला आमच्या सुताराने सांगितलं, त्याच्याकडे एकदा भुसा पेटला होता.


मोल्डवाला
९ मार्च

जाळ्यांचा निकाल. पहिल्या खेपेला पट्टी वाकडी, दुसऱ्या खेपेला साचा पाण्याने थंड होईपर्यंत दाबून ठेवला, सरळ आली. हिरवी-निळी मिसळ, दिसते छान. त्यातून करवतीने हँगर कापला, आकडाही त्याच पट्टीतून, म्हणजे अख्खा एकाच मालाचा, लोखंड नाही. तारेचा हँगरसुद्धा असाच एकाच मालाचा आहे, म्हणून तर तो भंगारवाला बिनबोभाट घेतो. माझ्या हँगरने चार किलो घेतलं. पाचव्याला तुटला नाही, पण आकडा हळूहळू उघडला. एचडीपीई मऊ आहे, कायम वजन ठेवलं की सरकत जातं. आकड्याची जाडी ६ वरून १० मिलिमीटर करून परत बघणार. त्यावर एचडीपीईचा २ हा अंक कोरणार आहे, म्हणजे वीस वर्षांनी ज्याच्या हातात येईल त्याला कळेल हे काय आहे.


खाडीकाठ
११ ऑक्टोबर

पावसाळा संपला, आता खरं लिहिते.

जूनमध्ये एकूण ६४ हँगर तयार होते. माणग्याचे, जवसाच्या तेलाचे, खांद्यावर सुती कातरण, आकडा ३ मिलिमीटरच्या ३०४ तारेचा. आकड्याचं खालचं टोक पेराच्या भोकातून काढून करवंटीच्या चकतीतून घेतलं आणि पकडीने दुमडलं, गोंद कुठेच नाही. करवंटी आकडा म्हणून मोडली पण चकती म्हणून फार कामाची निघाली, तार लाकडात रुतत नाही. पकडीने सरळ केलं की तीस सेकंदात सगळं सुटं होतं, घड्याळ लावून बघितलंय. त्यातले २० खुंटीवाले, सुंभाच्या फासाचे. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खोल्या जुलै-ऑगस्टमध्ये बंदच, त्यामुळे ह्याहून कडक परीक्षा नाही.

काय झालं ते सांगते. ६४ पैकी ५ ना भुंगा लागला. ते पाचही एकाच बांबूचे, आणि तो मी घाईत वहाळातून लवकर बाहेर काढला होता, बोरॅक्सही दिलं नव्हतं, तेव्हा चूक माझीच. कातरणाच्या गुंडाळीवर ११ हँगरना बुरशी आली, बांबूला नाही, कापडाला. ती सोडून धुतली, उन्हात वाळवली, परत गुंडाळली, गुंडाळी बांधलेली होती चिकटवलेली नव्हती म्हणून जमलं. सुंभाला काही झालं नाही. तारेवर काकांनी सांगितलेली चहाची झाक आली चार-पाच ठिकाणी, पुसली, गेली. एकही आकडा गंजला नाही. आणि परवा पुण्याच्या एका ताईंनी पांढरी साडी तीन दिवस त्याच्यावर लावली, मी त्या गेल्यावर विचारलं फोन करून, डाग नाही.

तिघीजणी मिळून दिवसाला १४-१५ होतात, वाकवण्यात वेळ जातो. एका हँगरला तार, तेल, कातरण धरून २२ रुपये साहित्याचे पडतात, बांबू घरचा म्हणून धरलेला नाही, तो धरायला हवा हे माणगादादांनी फोनवर रागावून सांगितलं, आणि मजुरी धरून ७५ च्या खाली विकू नका असंही. प्लास्टिकचा डझनाने स्वस्त मिळतो, मला माहीत आहे. वेळणेश्वरच्या एका लॉजवाल्यांनी तरीही चाळीस मागितलेत, त्यांच्याकडेही गंजाचा तोच त्रास.

गोणीतल्या प्लास्टिकच्या हँगरपैकी सात काडी लावून, सुतळी आवळून चालू झालेत. बाकीच्यांचे आकडे पकडीने ओढून काढले, लोखंड भंगारात दिलं, आणि उरलेलं ६ नंबरचं सगळं वेगळं करून मोल्डवालादादांकडे पाठवलंय, ते म्हणाले बघतो.


टाका_धागा
११ ऑक्टोबर

बुरशीचं कापड बदलून सुती मांजरपाट घ्या, कोरं, खळ धुऊन काढलेलं. कातरणात खळ राहते, बुरशी त्या खळीवरच येते. मी दोन किलो पाठवते पुढच्या आठवड्यात. आणि मला वीस मुलांच्या मापाचे द्या, २८ चे, पैसे आधी पाठवते.


माणगा
१२ ऑक्टोबर

२८ साठी माणग्याचा शेंड्याकडचा भाग घ्या, बारीक असतो, वाया जातो एरवी. पण शेंड्याकडे पिष्ठ जास्त राहिलं की भुंगा आधी तिथेच येतो, तेव्हा पाण्यात आठवडा जास्त.


खाडीकाठ
१२ ऑक्टोबर

बरं दादा. ताई, वीस लिहून घेतले, जानेवारीअखेर देते, आधी नाही, कारण बांबू आता तोडायचा आणि ह्या वेळी पूर्ण पाच आठवडे बुडवायचा. वहाळाला अजून पाणी आहे तोवर ह्याच महिन्यात पंचवीस बांबू घालतेय. कोणाकडे जाड करवंट्या असतील, जुन्या नारळाच्या, तर सांगा, आमच्याकडच्या ह्या वर्षी पातळ निघाल्यात. चकतीला जाडच लागते.


हर्णैची_होडी
१२ ऑक्टोबर

आमच्याकडे आहेत, बाणवली नारळाच्या. मुलगा दाभोळच्या फेरीने शनिवारी पलीकडे येणार आहे, धक्क्यावर कोणाला पाठवा.